डोंगर आणि आगीनगाडी

पौष लागला की आमच्याकडच्या वाऱ्याला एक कोरडा, जरासा धुरकट वास येतो. कापसाची शेवटची वेचणी उरकलेली असते. उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाट्या रानात उभ्या असतात आणि त्यांच्या रिकाम्या बोंडांना चिकटलेले कापसाचे तंतू दिवसभर हलत राहतात. दादर, म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, कणसात दूध धरून उभी असते. गव्हाला एक पाणी देऊन झालेलं असतं, दुसऱ्याला अवकाश असतो. शेतकऱ्याच्या घरात कामं संपत कधीच नाहीत. पण वर्षातून एवढे थोडे दिवस ती थांबून राहायला तयार असतात.

यंदाही तो वास आला. सून पडवीत वांगी भाजत होती, कोणी तरी दूर पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, आणि मी शाल घेऊन उन्हाकडे पाठ करून बसले होते. पाठीला ऊब लागली की मला हमखास तो एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं पहिल्यांदा कुठे तरी जायचं ठरवत होतो.

मी धानोऱ्याची लेक, दिली ब्राह्मणपुरीला. माहेर तापीच्या दक्षिणेला, सासर उत्तरेला, सातपुड्याच्या जवळ. शाळेत चार इयत्ता झाल्या म्हणून ही पुस्तकातली मराठी लिहिते आहे; घरात आम्ही सगळी अहिराणीच बोलायचो, तेव्हा जे बोललो ते तसंच लिहिते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, एक लेक होती, आणि इतक्या वर्षांत शेत, नदी नि नातलगांची लग्नं सोडून आम्ही दोघं बरोबर कुठेही गेलो नव्हतो. तशी पद्धतच नव्हती. लग्नाला जातानाही पुरुष पुढच्या गाडीत आणि बायका मागच्या.

युरोपात लढाई चालू होती. आमच्या भागात गावोगावी एकेक माणूस चावडीसमोर उभा राहून, या लढाईला आम्ही पैसा देणार नाही, माणूस देणार नाही, असं बोलायचा आणि शिपायांबरोबर निघून जायचा. मग काही महिने तो दिसायचा नाही. आमच्या ह्यांनीही या सत्याग्रहासाठी आपलं नाव दिलं. संक्रांत झाली की त्यांची पाळी.

हे मला घरात कळलं नाही. विहिरीवर कळलं. शेजारची बाई म्हणाली, "तुन्हा घरमा तं आते मोठा मानूस व्हई वं, तुरुंगमा जाई ऱ्हायना." मी घागर काठावर ठेवली. पुन्हा उचलताना ती रिकामी होती की भरलेली, हे मला घरी येईपर्यंत कळलं नाही.

मी भांडले नाही. त्या काळी भांडायलासुद्धा जागा लागायची, आणि भरल्या घरात तशी जागा नसते. मी नुसतं बोलणं बंद केलं. भाकरी वाढायची, पाणी ठेवायचं, वळून जायचं. ह्यांना ते कळत होतं. ते मुळातच कमी बोलणारे. त्यात मी गप्प झाल्यावर आमच्या खोलीत लेकीच्या बडबडीशिवाय काही उरलं नाही.

एका दुपारी मी दारापुढे सूप घेऊन धान्य पाखडत होते. हे आले, हातपाय धुतले आणि शेतात परत जायचं सोडून माझ्या समोर उकिडवे बसले.  मग म्हणाले, "संक्रांतना आगोदर चार रोज काम नही. कोठे तरी जाऊत, आपण दोन्ही. तुले काय देखनं शे?"

माझ्या हातातलं सूप थांबलं.

"आज बरं इचारं!" मी म्हणाले. "तुरुंगमा जावानं ठरनं तवय इचारं नही. आते फिराले जावानं इचारी ऱ्हायनात?"

 ते उठून गेले नाहीत. ऊन त्यांच्या डोळ्यांवर येत होतं, तरी तसेच बसून राहिले. हा माणूस उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही, हे मला समजलं. आणि खरं सांगायचं तर, त्या प्रश्नाने माझ्या आत काही तरी जागं केलं होतं. मला काय पाहायचं आहे? असं मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. बापाने नाही, आईने नाही. पण उत्तर मात्र कित्येक वर्षं तयार होतं.

"माले आगीनगाडीमा बठनं शे."

"गाडीमा? जावानं कोठे?"

"कोठेच नही. बठनं शे."

धानोऱ्याला पहाटे वारा अनुकूल असला की लांबून गाडीची शिटी ऐकू यायची. मी पोर असताना गोधडीत पडल्या पडल्या ती ऐकायची. एवढी माणसं एका वेळी कुठे जात असतील, ती काय बोलत असतील, कोण कोणाशेजारी बसत असेल, याचाच विचार करत राहायची. मला माणसांची गर्दी आवडते, आवाज आवडतो, चाकं आवडतात. शहाद्याच्या बाजारात एका शिंप्याकडे पायाने चालवायचं मशीन आलं, तेव्हा मी त्याच्या दुकानापुढे इतका वेळ उभी राहिले की सासूबाईंनी दंडाला धरून ओढलं. ब्राह्मणपुरीला शिटी ऐकू येत नाही. सासरी आल्यावर पहिले काही महिने पहाटे जाग यायची आणि काही तरी चुकल्यासारखं वाटायचं. ते काय, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

हे हसले. "लोखंड शे ते. धूर खावाले इतला दूर जावानं?"

"आनि तुमले काय देखनं शे?"

त्यांनी नुसती मान उत्तरेकडे वळवली. मला माहीतच होतं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे ते तोंड डोंगराकडे करून. डोंगराच्या कोणत्या खांद्यावर ढग बसला की आपल्याकडे पाऊस, हे त्यांना पाठ होतं. औताच्या लाकडासाठी माणसं पायथ्याला जायची, तेव्हा हे सगळ्यांच्या आधी निघायचे आणि सगळ्यांच्या मागून परत यायचे. तोरणमाळला वर मोठं तळं आहे म्हणतात, ते त्यांना बघायचं होतं. आमच्या शिवारातून वाहणारी नदी कुठून निघते, तेही बघायचं होतं.

"डोंगर तं रोजच दिखस," मी म्हणाले. "ओटावरथून बी दिखस."

"दिखस. पन जवळथून देखा का तू?"

मग आमची खरी बोलाचाली सुरू झाली. मी सुपातले दाणे जमिनीवर मांडले. हा दाणा आपलं गाव. इकडे खाली तापी, तिच्या पलीकडे नंदुरबार, तिथे गाडी. इकडे वर डोंगर. बैलगाडीचा प्रवास, कुठे मुक्काम, कुठे बैलांना पाणी. तोरणमाळ करायचं तर सगळे दिवस त्यातच जाणार, गाडी राहिली. गाडीने सुरतेपर्यंत जायचं तर डोंगर राहिला. ते म्हणाले, मी माझ्या बहिणीबरोबर नंदुरबारला जावं आणि ते एकटेच वर जाऊन येतील. मी म्हणाले, "दोन्हीजन येगयेगळं जावानं व्हई तं घरच काय वाईट शे?"  लेक मध्येच आली आणि तिने नंदुरबार उचलून तोंडात टाकलं. आम्ही दोघंही हसलो. कित्येक दिवसांनी एकाच गोष्टीला हसलो.

शेवटी दोघांनाही कात्री लागली. तोरणमाळ गेलं, पायथा राहिला. सुरत गेली, नंदुरबारहून दोंडाईच्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं. दोंडाईचाच का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, जवळ आहे म्हणून. ते तेव्हा पूर्ण खरं नव्हतं.

आजकाल नवरा-बायको कुठे जायचं यावर वाद घालतात, तो मी ऐकते आणि मला तो गोड वाटतो. एकाला देऊळ, एकाला बाजार. एकाला चालायचं असतं, एकाला बसायचं. आमच्या वेळी आवड एक असणं किंवा वेगळी असणं याला काही अर्थच नव्हता, कारण कोणी विचारतच नव्हतं. त्या दुपारी दाणे मांडून आम्ही भांडलो, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की या माणसाला मी रोज वाढते, पण त्याच्या मनात तळं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

सासूबाईंना कसं सांगायचं, हा पेच होता. तरण्या जोडप्याने उगाच फिरायला जायचं म्हणजे गावाला बोलायला विषय. हे समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांना शब्दच फुटेनात. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"परकाशाले न्हावाले जा," त्या म्हणाल्या. "पोरले मी देखसू. बाकी माले काही सांगू नका." एक पाकळी सोलून म्हणाल्या, "भरीत बांधी द्या संगे. त्याले आवडस." मग पदराने डोळे पुसले आणि लसणाला बोल लावला.

आम्ही उजाडताच निघालो. शहादा ओलांडून प्रकाशा या तीर्थाच्या गावी पोचलो, तापी-गोमाईच्या संगमावर धर्मशाळेत राहिलो. सकाळी पाण्यात उतरताना थंडीने दात वाजत होते. मी देवाकडे काय मागितलं ते सांगत नाही; कोणत्याही बाईने तेच मागितलं असतं. बैलगाडी ओळखीच्या घरी ठेवली, नावेतून पलीकडे गेलो, आणि नंदुरबारच्या जिनकडे, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीकडे, कापूस घेऊन चाललेल्या एका गाडीवाल्याने आम्हाला वर बसवलं. कापसाच्या ढिगावर बसून मी तो सगळा रस्ता केला. हे शेजारी बसून शेतं बघत होते: कोणाची दादर चांगली, कोणाची तूर गेली. मी समोरून येणाऱ्या माणसांकडे बघत होते. आम्ही एकाच गाडीत होतो आणि दोन वेगळ्या वाटांनी चाललो होतो.

स्टेशनात शिरल्यावर हे तिकिटाच्या खिडकीकडे वळले. मी त्यांचं उपरणं धरलं.

"तिकीट मी काढसू."

"तू?"

"मीच. तुम्ही मांगे ऱ्हा."

खिडकीपुढे पुरुषांची दाटी होती. मी पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि शिरले. आतल्या बाबूने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, माणूस कुठाय तुमचा?"

"मांगे उभा शे. पन तिकीट माले काढनं शे. दोंडाईचं, दोन."

तो हसला, आणि त्याने दोन जाड पुठ्ठ्याची तिकिटं सरकवली. मी ती मुठीत घेतली, तेव्हा मूठ घामाने ओली होती. फलाटावर बाकावर बसल्यावर ह्यांनी विचारलं, "काबर वं? मी काय काढतू नही व्हतू?"

मी गाडी येणार त्या बाजूला बघत म्हणाले, "तुमले धुळाना तुरुंगमा ठेवतीन म्हनतस. दोंडाईचाले उतरीसन तठून मोटर जास. माले येवानं पडी ना. तवय कोन काढी दी तिकीट?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडले असते, आणि मला गाडी कोरड्या डोळ्यांनी बघायची होती.

आणि ती आली! काय सांगू? फलाट पायाखाली थरथरला. काळंभोर इंजिन, त्याच्या पोटातली आग, चाकांना जोडलेले ते लोखंडी हात मागेपुढे होत असलेले, वाफेचा तो सुस्कारा. मी हे शिकण्यासाठी आले होते, नवऱ्याला भेटायला जायची वाट शिकण्यासाठी. पण त्या क्षणी मी नवऱ्याला, तुरुंगाला, सगळ्याला विसरले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात लाकडी बाकावर खिडकीशी बसले. शेजारी एक गुजराती म्हातारी होती, समोर बांगड्यांच्या टोपल्या घेतलेला कासार, दाराशी कोंबड्या घेतलेली दोघं. सगळे एकाच वेळी बोलत होते. झाडं मागे पळायला लागली तशी मी मोठ्याने हसले.

हे मात्र खिडकीचा गज धरून बसले होते. चेहरा उतरलेला. डोळ्यात कोळशाचा कण गेला, तो मी पदराच्या टोकाने काढला. "काय सुख शे यामा?" असं त्यांनी दोनदा विचारलं. पण परतीच्या गाडीत मी बघितलं, ते खिडकीबाहेर बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. मी शेजारच्या एका बाईशी बोलत होते, तिच्या तान्ह्याला खेळवत होते, आणि हे असे पाहत होते, जसे ओट्यावर बसून उत्तरेकडे पाहायचे.

परत येईपर्यंत माझे पाय सुजले होते आणि संक्रांतीच्या आधी एकच दिवस उरला होता. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. डोंगर काय पळी जास का?"

"डोंगर तं तठेच ऱ्हाई," मी म्हणाले. "तुम्ही कोठे ऱ्हाशात?"

मग गेलो. बैलगाडी पायथ्याच्या शेवटच्या पाड्यापर्यंत नेली. तिथल्या पावरा आदिवासींची बोली आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना अर्धीमुर्धी यायची. एका म्हातारीने हातानेच पाण्याची वाट दाखवली आणि माझ्या ओटीत मूठभर बोरं टाकली. नदीच्या कोरड्या पात्रातून, धोंड्यांवरून आम्ही चढत गेलो. नदीचा उगम काही सापडला नाही. एक डोह लागला, तळाचे दगड मोजता येतील इतका स्वच्छ. हे तिथे थांबले, पाय पाण्यात सोडून बसले आणि बसूनच राहिले.

मला कंटाळा आला, हे लपवत नाही. झाडं, दगड, पाणी. एक पक्षी ओरडतो, थांबतो, पुन्हा ओरडतो. मी बोरं खाल्ली, बिया डोहात टाकल्या. भरीत-भाकरी सोडली. दोघं जेवलो. 

"काय देखी ऱ्हायनात?" मी विचारलं.

"काहीच नही."

आणि त्यानंतर, इतक्या हळू की मला आधी ते पाण्याचंच काही वाटलं, ते म्हणाले, "माले भेव वाटस."

मी जवळ सरकून बसले.

"मारनं भेव नही. तुरुंगमधला कामनं बी नही." ते पाण्याकडेच पाहत होते. "तठे काहीजन माफी लिखी देतस आनि सुटी येतस. मी बी लिखी दिधी तं? गावमोरे तोंड कसं दाखाडू? माफी मांगीसन घर उनू तं?"

चावडीवर छाती काढून उभा राहणार होता तो माणूस. गावातले लोक त्याच्याकडे आत्तापासूनच वेगळ्या नजरेने बघायला लागले होते. हे त्यांनी कोणाला सांगितलं असतं? त्या डोंगराशिवाय आणि त्या दिवशी चुकून तिथे असलेल्या माझ्याशिवाय?

"उनात तं उनात," मी म्हणाले. "भाकर टाकसू."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी गंभीरच होते. मला खरोखर तेवढंच सुचलं होतं. मग ते हसले, असे मोकळे हसले की तो ओरडणारा पक्षी उडून गेला. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथे बसलो. त्यानंतर मला कंटाळा आला नाही. डोंगर तोच होता, पाणी तेच होतं. मला काही ते आवडायला लागलं असं नाही. पण त्यांचे खांदे सैल झालेले मी पाहिले, आणि ते पाहायला मला कितीही वेळ बसायची तयारी होती.

संक्रांतीचा तिळगूळ झाला आणि ते चावडीवर जाऊन उभे राहिले. आवाज सुरुवातीला फाटला, मग नीट झाला. शिपाई ओळखीचाच होता. त्याने थांबून त्यांना पाणी पिऊ दिलं. सासूबाईंनी ओवाळलं. मी दारात उभी होते. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि त्याचा मला राग आला नाही.

त्या वर्षी दादर मी काढली. दीर लहान होता, मजुरांशी बोलायचं, मोट धरणाऱ्याला वेळेवर बोलवायचं, धान्य पेवात घालायचं, सगळं मी आणि सासूबाईंनी केलं. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मी एकटी धुळ्याला गेले. शहाद्यापर्यंत दिराने पोचवलं, पुढे मी. खिडकीपुढे उभं राहताना मूठ तेव्हाही ओली होती. भेटीला वेळ थोडा होता, मध्ये शिपाई होता. मी गव्हाचं सांगितलं, लेकीच्या दाताचं सांगितलं. ते वाळले होते. निघताना म्हणाले, "अजून नही मांगी." मी मान हलवली. परतीच्या गाडीत एका अनोळखी बाईने मला विचारलं, कुठून आलात? मी म्हणाले, धुळ्याहून, आमच्या माणसाला भेटून. तिने आपल्याजवळचे दाणे माझ्या हातावर ठेवले.

ते सुटले तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. त्यांना आणायलाही मीच गेले. लोकांनी हार घातले, कोणी भाषण केलं. ते सगळं उरकून आम्ही दोंडाईच्याला आलो आणि नंदुरबारच्या गाडीत चढलो. डबा खच्चून भरलेला. बाकाच्या टोकाला आम्हा दोघांपुरती जागा मिळाली. गाडी सुटली. मला वाटलं आता ते काही बोलतील, किंवा गज धरून बसतील. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर भार आला. पाहिलं तर त्यांना झोप लागली होती. डोकं कलून माझ्या खांद्यावर आलं होतं, तोंड किंचित उघडं, गळ्यातल्या हाराच्या पाकळ्या माझ्या लुगड्यावर सांडत होत्या.

समोरच्या बायका पाहायला लागल्या. भर डब्यात नवऱ्याने बायकोच्या खांद्यावर डोकं टेकायचं, हे त्या काळात कोणी पाहिलं नव्हतं. एक म्हातारा खाकरला. मी त्यांना हलवून उठवायला हवं होतं, निदान जरा सरकायला तरी.

बाहेर ओली शेतं मागे जात होती. मी खांदा तसाच ठेवला, आणि नंदुरबार येईपर्यंत हलले नाही.